साचेबंद

उत्तरपत्रिका तपासताना तुम्ही सर्वांत जास्त वेळा कोणता शेरा लिहिता, असे मला कोणी विचारले तर उत्तर शोधावे लागणार नाही. 'साचेबंद.' पाठ केलेले निबंध, मार्गदर्शकातून उचललेली रसग्रहणे, 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी सुरुवात करणारी उत्तरे, या सगळ्यांना पुरून उरणारा हा एकच शब्द. परीक्षण लिहितानाही तो हाताशी असतो. कथेतले पात्र साचेबंद, कादंबरीचा शेवट साचेबंद, कवितेतली प्रतिमा साचेबंद. या शब्दाचा अर्थ विचारण्याची वेळ सहसा कुणावर येत नाही. तो निकाल असतो, आणि निकालाला कारणे जोडण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही.

हा शब्द मी वीस-बावीस वर्षे वापरत आले. ज्या घरात मी वाढले त्या घराची चूल साच्यांवर पेटत होती, हे त्या सबंध काळात एकदाही मनात आले नाही, याचे आज आश्चर्य वाटते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. १९७४ साली लागले, २००८ साली निवृत्त झाले. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी एक दोनशेपानी वही आणली आणि रोज सकाळी चहानंतर तासभर ते काहीतरी लिहू लागले. दोनेक महिन्यांनी ती वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "तू मराठीची मास्तरीण. बघ जमलंय का." तेवीस पाने होती. 'माझा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला' हे पहिले वाक्य. मग अठराविश्वे दारिद्र्य, मग जिद्द, मग देवमाणूस साहेब, मग सर्वांचे ऋण. दोन संध्याकाळी मी वही वाचली आणि त्यांना सांगितले, अगदी मऊ आवाजात, की हे जरा साचेबंद झाले आहे.

"म्हणजे?"

मी समजावून सांगितले. ठरीव, ठोकळेबाज, ज्यात लिहिणाऱ्याचे स्वतःचे असे काही उमटत नाही ते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पण साचा बंद नसला तर रस बाहेर सांडंल की, बाई." मला तो विनोद वाटला. मी हसले. त्यांनी वही उचलली, आणि तिच्याबद्दल आमच्यात पुन्हा बोलणे झाले नाही.

पिंपरी-चिंचवडचा हा सगळा पट्टाच साच्यांचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत पवनेच्या दोन्ही अंगांची राने लेथ, प्रेस आणि भट्ट्यांनी भरून गेली. १९८२ साली इथे महानगरपालिका झाली. चाकण तेव्हा कांद्या-बटाट्याची बाजारपेठ म्हणून ठाऊक होते. मोटारींचे मोठमोठे कारखाने तिथे उभे राहिले ते बरेच पुढे. या पट्ट्यात तयार होणारी निम्मी वस्तू कशाच्या तरी पोकळीत ओतली जाते किंवा दाबली जाते, आणि त्या पोकळीला आकार देणारा माणूस सहसा कुणाला दिसत नाही.

अण्णांचे काम ते होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा. त्याच्याभोवती वाळू ठासतात, नमुना अलगद उचलून घेतात, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला रस ओततात. हुबेहूब म्हणावे तर तोही नाही. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच वेगळी असते; तिच्यावरचा मीटर बाजारातल्या मीटरपेक्षा तेवढा लांब. उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा, नाहीतर नमुना उचलताना वाळूची कड मोडते. आणि शेवटी लाकडावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, हात द्यायचे. लाकूड ओल ओढते, फुगते, वाळूला चिकटते. चपड्याने त्याचे तोंड बंद होते.

यातले एक अक्षरही त्या तेवीस पानांत नव्हते. ही लिहिण्याजोगी गोष्ट आहे असे त्यांना वाटले नव्हते. आणि मी, जी दर वर्षी वर्गात नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' शिकवते, १९६६ सालच्या त्या संग्रहाने कामगाराचे जगणे मराठी कवितेत कसे आणले हे सांगते, त्या मीही कधी विचारले नव्हते.

हे सगळे मला कळले ते एका भलत्याच वाटेने: मासे धरण्याच्या मऊ आमिषांमुळे.

निवृत्तीनंतर अण्णांना गळाचा नाद पुन्हा लागला. लहानपणी ते पवनेत गळ टाकून बसत. आता शहरातून वाहणाऱ्या पवनेत जलपर्णी आणि सांडपाणी, आणि इंद्रायणीचा फेस तर दर वर्षी वर्तमानपत्रात येतो. म्हणून ते ओळखीच्या माणसांबरोबर लांबच्या पाणवठ्यांवर जाऊ लागले. देहू-आळंदीकडे मात्र कधी नाही. "तिथं गळ टाकायचा नसतो" एवढेच ते म्हणत. त्यांचे लक्ष मरळीवर. मरळ हा दबा धरून बसणारा मासा आहे. हवेतला प्राणवायू घ्यायला अधूनमधून वर येतो, आणि पाण्यावर बेडूक किंवा लहान मासोळी हलली की झेप घेतो. जिवंत बेडूक गळाला लावणे अण्णांच्या मनाला पटेना. तरुण मंडळी प्लास्टिकचे मऊ मासे वापरतात हे त्यांनी पाहिले, दोन विकत आणले, दोन दिवसांत ते फाटले. मग पॅटर्नमेकर जागा झाला.

या मऊ आमिषांचा इतिहास मजेदार आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे गाव आहे. रबराच्या आणि टायरच्या कारखान्यांचे, म्हणजे आपल्या पिंपरीचे चुलतभावंडच. तिथे १९४९ साली निक क्रीम नावाच्या माणसाने बायकोच्या साथीने घरच्या स्वयंपाकघरात व्हायनिल, तेल आणि रंग शिजवून पहिला मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला. आजही पदार्थ तोच. त्याला प्लास्टिसोल म्हणतात. पीव्हीसीची बारीक पूड मऊपणा आणणाऱ्या द्रवात कालवलेली असते. थंड असताना दुधासारखी पातळ. तापवली की आधी घट्ट होते, मग साधारण १७५ अंश सेल्सिअसला स्वच्छ, पारदर्शक आणि ओतण्याजोगी. निवली की रबरासारखी मऊ. हाच पदार्थ मोटारींच्या कारखान्यात गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून फवारतात आणि एअर फिल्टरच्या कडा त्याच्याच ओततात. म्हणजे आमच्या पट्ट्याला तो परका नाही.

अण्णांनी सागाच्या तुकड्यातून बोटभर लांबीची मासोळी कोरली. पटाशीने, मग कानशीने, मग पॉलिश पेपरने. खवल्यांच्या रेषा शिवणाच्या सुईने. तिचा साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा करायचा ठरले, कारण ते कुठेही मिळते आणि रेघन्‌रेघ उचलते. गच्चीवर शेगडी, आईने टाकून दिलेले एक पातेले, "हे भांडं पुन्हा घरात आणायचं नाही" असा तिचा हुकूम, आणि मदतनीस म्हणून मी, असा कारखाना सुरू झाला. २०२० च्या टाळेबंदीत मला दुसरे काम नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

प्लास्टर हा विलक्षण पदार्थ आहे. जिप्सम नावाचा दगड तापवला की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी उडून जाते आणि मागे पांढरी भुकटी उरते. पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीत हा दगड निघे, म्हणून हे नाव. भुकटीत पाणी घातले की ती पुन्हा दगड होते. लाव्हाझिए या पुढे जगद्विख्यात झालेल्या रसायनज्ञाने १७६५ साली विज्ञान अकादमीपुढे वाचलेला पहिला निबंध नेमका याच विषयावर होता: प्लास्टर घट्ट होणे म्हणजे त्याने गमावलेले पाणी परत घेणे. पण ही देवघेव तंतोतंत नसते. शंभर ग्रॅम भुकटीला दगड व्हायला एकोणीस ग्रॅमही पाणी लागत नाही. तेवढ्यात मात्र ते ओतता येत नाही, म्हणून आपण सत्तर ग्रॅम घालतो. उरलेले पन्नासेक ग्रॅम पाणी घट्ट झालेल्या प्लास्टरात नुसते अडकून राहते आणि हळूहळू उडून जाते. ते जिथे जिथे होते तिथे रिकाम्या जागा राहतात. प्लास्टरची रंध्रे म्हणजे निघून गेलेल्या पाण्याच्या जागा.

ही रंध्रे काहींच्या कामाची असतात. चिनी मातीच्या कपबश्या ओततात तो प्लास्टरचा साचा मुद्दाम उघडाच ठेवतात. साचा ओल्या मातीतले पाणी शोषून घेतो, माती कडेला बसते, आकसते आणि आपोआप सुटते. तिथे साच्याची तहान हाच त्याचा गुण. आमच्या कामात तीच तहान दोष ठरते. वितळलेले प्लास्टिक रंध्रांत शिरून धरून बसते, आणि आमिष काढताना साच्याचे कण सोबत घेऊन येते. सुटलेच तर पृष्ठभाग खडबडीत, निस्तेज. माशाच्या ओल्या अंगाची तकाकी त्याला येत नाही. शिवाय १७५ अंशांचा रस साच्याला लागला की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि बुडबुडे उठतात. म्हणून साचा बंद करावा लागतो. अण्णा हाच शब्द वापरत. "आज साचा बंद करू."

बंद करणे म्हणजे काय, हे मला त्या गच्चीवर कळू लागले. त्याचा पहिला धडा अण्णांनाच मिळाला. चौतीस वर्षे त्यांचा ज्याच्यावर विश्वास होता तो चपडा त्यांनी साच्याला लावला. तीन हात. दिसायला सुरेख. पहिल्याच ओतीला तो चिकट झाला, आमिषाला लागून निघाला आणि गुळाच्या पाकासारखा लोंबला. लाख ऐंशी अंशांच्या आतच मऊ पडते. वाळूतला लाकडी नमुना कधी तापत नसल्यामुळे हे त्यांच्या आयुष्यात कधी आडवे आले नव्हते. ते बराच वेळ साच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मला सत्तराव्या वर्षी परत हेल्पर व्हावं लागणार."

पुढचा प्रयोग लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाचा. पाण्यात पातळ करून, पाच हात. याने काम झाले, पण सात-आठ ओतींनंतर पापुद्रे सुटू लागले. शेवटी दोन भागांचे इपॉक्सी जमले. पण तेही पहिल्या वेळी नाही. मी उत्साहाने जाड हात दिला आणि खवल्यांच्या सगळ्या रेषा भरून गेल्या. साचा चकचकीत झाला, आणि त्यातून निघालेली मासोळी साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "भोकं बुजवायची. रेघा नाही बुजवायच्या." त्यांची रीत अशी होती. इपॉक्सी जरा कोमट करायचे म्हणजे पातळ होते. पहिला हात इतका पातळ की तो वर राहताच कामा नये, सगळा आत जिरावा. जिथे साचेल तिथून कोरड्या ब्रशाने उचलून घ्यायचा. दुसरा हात फक्त तो जिथे अजून पितो आहे तिथे. झाल्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर साचा बंद. पसरला, जिरला, तर त्या जागी पुन्हा.

आणि या सगळ्याच्या आधी वाळवणे. अण्णांच्या लेखी खरे काम हेच. पाचशे ग्रॅम प्लास्टर आणि साडेतीनशे ग्रॅम पाणी मिळून ओला साचा साडेआठशे ग्रॅमचा होतो. त्यातले अडीचशेहून अधिक ग्रॅम पाणी जायला हवे. साचा सहाशेच्या आत आला आणि दोन दिवस वजन हलले नाही की तो वाळला. हात लावून कळत नाही, रंग बघून कळत नाही. घाईने भट्टीत घालूनही चालत नाही, कारण फार तापवले तर धरून ठेवलेले पाणीही सुटू लागते आणि प्लास्टर भुसभुशीत होते. सावकाश ऊन, वारा, आणि काटा. आईचा स्वयंपाकाचा काटा त्यासाठी कायमचा गच्चीवर गेला.

आता जे सांगायचे ते टाळता आले असते तर बरे झाले असते. २०२१ च्या जुलैमध्ये नव्या, दोन भागांच्या साच्याचे काम चालू होते. अण्णा चार दिवस आत्याकडे चाकणला गेले होते. पाऊस थांबत नव्हता. साचा हाताला कोरडा लागत होता. ते येईपर्यंत आपण बंद करून ठेवू, त्यांना बरे वाटेल, असे मला वाटले. काटा खाली स्वयंपाकघरात आलेला. जिना उतरण्याचा कंटाळा केला. इपॉक्सीचे दोन हात दिले. थेंब ठेवून पाहिला, मोत्यासारखा उभा राहिला. मला फार समाधान वाटले.

अण्णा आले. "वजन केलं होतंस?" त्यांनी विचारले. मी हो म्हणाले.

साच्याचे दोन्ही भाग जुळवून त्यांनी पकडीत धरले आणि वरच्या तोंडातून रस ओतला. क्षणभर काही झाले नाही. मग आत गुरगुरल्यासारखा आवाज आला आणि ओतायच्या तोंडातून रस उसळून परत वर आला. आतली ओल मी आतच कोंडली होती. बाहेर पडायला तिला दुसरी वाट नव्हती. डोळ्यांवर गॉगल होता. हातात मोजे नव्हते, मोज्यांनी हाताला अंदाज येत नाही हे त्यांचे जुने मत. डाव्या हाताच्या पाठीवर आणि अंगठ्याच्या बुडाशी तापलेले प्लास्टिक चिकटले. पाण्यासारखे ते ओघळून जात नाही. जिथे पडते तिथेच भाजत राहते. मी ते ओढून काढायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला आणि स्वतः नळाखाली हात धरला. बराच वेळ. "ओढायचं नसतं," एवढेच म्हणाले. भट्टीजवळ आयुष्य गेलेल्या माणसाचे ज्ञान.

जखमा भरायला दोन महिने गेले. अंगठ्याच्या बुडाशी कातडी आकसली आणि पटाशी धरायची ती पकड पूर्वीसारखी राहिली नाही. त्या दोन महिन्यांत त्यांनी एकदाही मला वजनाबद्दल विचारले नाही. मीच एका संध्याकाळी सांगितले, की मी वजन केले नव्हते. ते म्हणाले, "माहीत होतं. काटा खाली होता."

त्या दिवसांत झोप येत नसे, आणि झोप न येणारी मराठीची मास्तरीण जे करते तेच मी केले. एका शब्दाच्या मागे लागले. इंग्रजीत ज्याला आपण 'स्टिरिओटाइप' म्हणतो तो शब्द मुळात छापखान्यातला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मुद्रक फिर्मॅं दिदो याने तो प्रचारात आणला. खिळे जुळवून झालेल्या सबंध पानाचा साचा घ्यायचा, त्यात धातू ओतून पत्रा करायचा, आणि पुढची छपाई त्या पत्र्यावरून करायची. अशा पत्र्याला फ्रेंचांनी दिलेले दुसरे नाव 'क्लिशे'. म्हणजे समीक्षेतले आमचे दोन्ही शिव्यांचे शब्द ओतकामातून आलेले. व्यक्तींविषयीच्या ठरीव कल्पना या अर्थाने 'स्टिरिओटाइप' रूढ केला तो वॉल्टर लिपमनने, १९२२ सालच्या 'पब्लिक ओपिनियन' या पुस्तकात.

पण मी थांबले ती साच्यापाशी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये अर्ल स्टॅनहोपने ही पद्धत पक्की केली तेव्हा पानाचा साचा प्लास्टरचा असे. खिळ्यांना आधी तेलाचा हात, मग प्लास्टर, आणि मग तो साचा भट्टीत घालून पूर्ण वाळवायचा. का, ते मला आता कुणी सांगायला नको होते. आणि आणखी एक गोष्ट: धातूचा पत्रा सोडवताना तो प्लास्टरचा साचा फुटून जाई. एका साच्यातून एकच पत्रा. ज्या शब्दाचा अर्थ आपण 'पुन्हा पुन्हा तेच' असा करतो, त्या शब्दाच्या मुळाशी असलेला साचा एकदाच वापरता येत होता.

यातून साचेबंद लेखन चांगले असते असे सिद्ध होत नाही. पाठ केलेला निबंध पाठ केलेलाच असतो. पण साचा हा गुन्हा नव्हे, एवढे मला कळले. ओवी साचा आहे, अभंग साचा आहे, वहीतले 'माझा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला' हाही एक साचाच, आणि ज्याने आयुष्यात अर्जाखेरीज काही लिहिले नाही त्याने तो घेतला यात नवल काय? प्रश्न असा विचारायला हवा होता, की आत काय ओतले आहे, कुठे चिकटले, कुठली रेघ भरून गेली. अण्णा फसलेल्या प्रत्येक आमिषापुढे हेच विचारत. त्यांच्याकडे 'वाईट' या शब्दाला जागाच नव्हती. 'इथं हवा अडकली', 'इथं उतार कमी पडला', 'इथं अजून पितोय' अशी कारणे होती. माझ्याकडे शेरा होता. तेवीस पानांवर मी तो असा दिला, की वर ठेवलेला थेंब मोत्यासारखा उभा राहावा. आतली ओल मी तपासली नव्हती, आणि तिला बाहेर यायला वाटही ठेवली नव्हती.

गेल्या वर्षी मी धीर करून ती वही मागितली. त्यांनी कपाट उघडले नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यातून काढून दिली. पुढची तेवीस पाने तशीच होती, एकही फाडलेले नाही. वही उलटी करून मागच्या बाजूने त्यांनी वेगळेच लिहायला सुरुवात केली होती. तारखा होत्या, वजने होती. 'चपडा तीन हात. वितळला. माझी चूक, उष्णता धरली नाही.' 'प्लास्टर फुगतं, लोखंड आकसतं. पट्टी उलटी धरायची.' हे खरे आहे. घट्ट होताना प्लास्टर केसभर वाढते. 'शेपटीकडं हवा राहते. वाट काढली.' 'फाटलेली आमिषं पाण्यात टाकायची नाहीत, कुजत नाहीत. परत वितळवली.' जुलै २०२१ च्या जागी एकच ओळ होती, डाव्या बाजूला झुकलेल्या अक्षरात: 'साचा ओला होता. घाई झाली.' कुणाची, ते लिहिलेले नव्हते.

मी ती पाने दोनदा वाचली. मग त्यांना विचारले, पॅटर्न शॉपमधल्या कामाचे असे कधी लिहून ठेवले होते का. "ते कशाला? ते तर हातात होतं." आता हातात राहिले नाही म्हणून सांगा, मी लिहून घेते, असे म्हटल्यावर ते तयार झाले. रविवारी सकाळी आम्ही बसतो. मोजपट्टीपासून सुरुवात केली. ते मध्येच थांबतात, आणि मीही वाक्य पुरे करायची घाई करत नाही, निदान प्रयत्न करते.

'साचेबंद' हा शेरा मी अजून लिहिते. खोटे कशाला बोला. पण त्याच्यापुढे रेघ ओढून नेमके कुठे, ते लिहिते. एका गठ्ठ्याला त्यामुळे दीडपट वेळ लागतो.

कोरायचे काम आता माझ्याकडे आहे, पटाशी त्यांच्या देखरेखीखाली माझ्या हातात. या पावसाळ्यात मी बेडकाचा साचा ओतला. पाचशे प्लास्टर, साडेतीनशे पाणी. वहीत नोंद मात्र तेच करतात. काल मी वर गेले तेव्हा काटा गच्चीच्या कठड्याशी मांडलेला होता आणि वही उघडी होती. तारखेपुढे लिहिले होते: '६४८. ओला आहे. थांबू.'